अर्थिंग

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी के.जी.पासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी आमच्याकडे आठवड्यातल्या चार तासांपुरतं असायचं आणि त्यातले दोन तास पी.टी.ला जायचे. त्यामुळे ‘मॅगझिनच्या मराठी सेक्शनसाठी काहीतरी दे ना’ असं म्हणून रूममेटने आठवडाभर डोकं खाल्लं, तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटलं होतं. या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ मी तपासलेले नाहीत. ते बारा वर्षांच्या एका मुलीने तपासून दिलेत. ती कोण, ते पुढे येईलच.

गोष्ट सुरू होते गेल्या वर्षीच्या सेमिनारपासून. चौथ्या सेमला आम्हा इलेक्ट्रिकलवाल्यांना इकॉनॉमिक्सचा एक पेपर असतो. सेमिनारचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटले. कोणाला ‘चलनवाढ’, कोणाला ‘बँकिंग’. माझ्या चिठ्ठीवर होतं, ‘शेजारी देशांमधील आर्थिक एकात्मता आणि सामाजिक कल्याण’. सगळा वर्ग हसला. मागच्या बेंचवरून आवाज आला, ‘आधी नीट वाचून तरी दाखव!’

मग काय, नेहमीप्रमाणे आदल्या रात्री जागून पी.पी.टी. केली. सगळी युरोपवर. आणि खरं सांगते, वाचताना मजा आली. १९५७ साली रोमला सहा देशांनी करार केला की माल, पैसा आणि माणसं आपल्यात मोकळेपणी फिरतील. आणि पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, त्यांनी एक नियम केला: एका देशाचा कामगार दुसऱ्या देशात गेला तर त्याचं पेन्शन, आजारपण, अपघात यांचे हक्क मध्येच तुटू नयेत. म्हणजे बाजार जोडला आणि लगेच पाठोपाठ माणसाची काळजीही जोडायला घेतली.

अर्थात सगळं गोडगोड नव्हतं. २००४ मध्ये पूर्वेकडचे देश आत आल्यावर भांडणं सुरू झाली. स्वीडनमध्ये व्हॅक्सहोम नावाच्या गावात एका शाळेचं काम लॅटव्हियाच्या कंपनीने घेतलं. कामगारही तिकडूनच आणले. स्वीडनच्या युनियनने म्हटलं, इथल्या रेटने पगाराचा करार करा. कंपनी ऐकेना, म्हणून त्यांनी काम अडवलं. केस युरोपच्या कोर्टात गेली आणि २००७ मध्ये निकाल युनियनच्या विरुद्ध लागला. मोकळा बाजार जिंकला, म्हणा ना. पुढे २०१८ मध्ये नियम सुधारले, की बाहेरून पाठवलेल्या कामगारालाही त्याच कामाचा तिथलाच मोबदला मिळावा. मधल्या काळात, २०१६ मध्ये, ब्रिटनने बाहेर पडायचा कौल दिला आणि त्या वादात ‘बाहेरचे येतात आणि आमचे भत्ते खातात’ हे वाक्य मोठ्याने बोललं गेलं.

सेमिनार झाला. टाळ्या झाल्या. सरांनी एकच प्रश्न विचारला, ‘आणि आपल्याकडे?’

मी पाठ केलेलं म्हटलं, ‘सर, सार्क. २००४ च्या जानेवारीत इस्लामाबादला साफ्टा करार झाला, २००६ पासून लागू. त्याच परिषदेत सोशल चार्टरवरही सह्या झाल्या.’

‘आणि त्या चार्टरचं पुढे काय झालं?’

मी गप्प. सरांनी पेनाने काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, ‘नेक्स्ट.’ पंचवीसपैकी एकवीस मिळाले. मी खूश. विषय संपला असं मला वाटलं.

मे महिन्यात घरी गेले. आमचं घर रत्नागिरी जवळच्या एका गावात, थोडी आंब्याची बाग. ज्यांचं गाव कोकणात नाही त्यांच्यासाठी सांगते, हापूस नुसता झाडावर लागून पेटीत उडी मारत नाही! मोहर आला की फवारण्या, मग फळ धरलं की राखण, रात्रंदिवस. वानरांची टोळी एकदा बागेत शिरली की अर्ध्या तासात वर्षाचं गणित संपतं. आणि ही राखण आता आमच्या भागात बहुतेक बागांत कोण करतं? नेपाळी. गावातली मुलं मुंबईला गेली, बागा राहिल्या, आणि हिमालयाच्या पायथ्याची माणसं समुद्राच्या काठावर येऊन मांगरात राहू लागली. बंदरावर जा, मच्छीमार बोटींवर खलाशीही नेपाळी.

आमच्याकडचा बहादूर मी सातवीत असल्यापासून आहे. आधी सीझनपुरता यायचा, नंतर बायको-मुलीसकट बारा महिने राहू लागला. मी त्याला बहादूरकाका म्हणते. तो अछाम जिल्ह्यातला, नेपाळच्या अगदी पश्चिमेचा. डोंगरातून बसने खाली महेंद्रनगर, तिथून पायी किंवा टांग्याने सीमा ओलांडून बनबसा, मग दिल्ली, आणि निजामुद्दीनहून मंगला एक्सप्रेसने रत्नागिरी. चार-पाच दिवस. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. लहानपणी मला हे फार भारी वाटायचं. मुंबईच्या माझ्या आत्येभावाला दुबईला जायला केवढी कागदपत्रं लागली, आणि हा माणूस चक्क दुसऱ्या देशातून पिशवी उचलून येतो!

त्याच्या मुलीला बाबांनी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं. ती आता सहावीत आहे. ती मराठी अशी बोलते की मला लाज वाटते. मी ‘पाणी’ला पहिली वेलांटी दिलेली तिनेच पकडली होती.

मे महिन्याचा दुसरा आठवडा. शेवटची तोड चालू होती. पावसाच्या आत आंबा उतरवायची घाई. खालून झेल्याने काढता येतात तेवढे काढून झाले होते, शेंड्यावरचे राहिले म्हणून बहादूरकाका वर चढला. आंब्याची खांदी वरून कितीही जाड दिसली तरी तिचा भरवसा नसतो. मी खळ्यात पेट्यांना गवत लावत बसले होते. काड्कन आवाज आला, मग दुसरा आवाज, आणि मग त्याच्या मुलीची किंकाळी.

मांडीचं हाड मोडलं होतं. टेम्पोत गादी टाकून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे कोणी विचारलं नाही की तू कुठला. इंजेक्शन दिलं, पाय बांधला, हे मुद्दाम लिहिते. पण रॉड घालायचं ऑपरेशन तिथे लगेच होण्यासारखं नव्हतं. म्हणून दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं. बाहेर मोठा बोर्ड, सरकारी आरोग्य योजना इथे लागू. बाबा म्हणाले, ‘चला, सुटलो.’

काउंटरवरच्या मॅडमनी हात पुढे केला. ‘रेशनकार्ड?’

बाबा म्हणाले, ‘नाही.’

‘रहिवास दाखला?’

‘नाही. नेपाळचा आहे तो.’

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी दोनदा स्क्रीनकडे बघितलं, एक फोनसुद्धा केला. मग म्हणाल्या, ‘योजनेत नाही बसणार हो. कॅश करावं लागेल.’ आणि एक फॉर्म पुढे सरकवला.

फॉर्म मराठीत होता. बाबा डॉक्टरांशी बोलायला गेले, माझा हात थरथरत होता, म्हणून त्याच्या मुलीने पेन घेतलं. सुंदर वळणदार अक्षरात तिने लिहायला सुरुवात केली. ‘रुग्णाचे पूर्ण नाव’. तिने तीन शब्द लिहिले. त्यात ‘बहादूर’ हा शब्दच नव्हता.

मी ते नाव पहिल्यांदा वाचत होते. सात वर्षं तो माणूस आमच्या बागेत राहतो, मला सायकल शिकवलीय त्याने, आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं. ‘बहादूर’ हे त्याच्या आधीच्या राखणदाराला म्हणायचे. तो गेला, हा आला, नाव तेच चालू राहिलं. त्याचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्याला न विचारता छापणं मला बरोबर वाटत नाही. पण माझ्या डोक्यात ते पक्कं बसलंय.

बिल एक लाख चाळीस हजार झालं. वाशीहून आंब्याचे पैसे यायचे होते, त्यामुळे बाबांनी काकांकडून उसने घेऊन भरले.

त्या रात्री मला झोप आली नाही. हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी मोबाइलवर तो १९५० चा भारत-नेपाळ करार शोधून काढला. ३१ जुलै १९५० ला काठमांडूत सह्या झाल्या. सातव्या कलमात म्हटलंय की दोन्ही देश एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता, व्यापार, ये-जा आणि तशाच इतर बाबतींत सारखे हक्क देतील. किती छान! वाचताना वाटलं, युरोपने सात वर्षांनंतर जे केलं ते आपण आधीच केलं होतं. १७५० किलोमीटरच्या आसपास सीमा आणि ती उघडी. १९९३ पासून आपल्या एका रुपयाला त्यांचा एक रुपया साठ पैसे, हा दरसुद्धा बांधलेला. याहून जास्त आर्थिक एकात्मता ती काय असते?

पण माझ्या पी.पी.टी.तल्या दुसऱ्या स्लाइडचं काय? ती १९५८ ची स्लाइड? ती इथे नव्हतीच. माणसाला येऊ द्यायचं कलम होतं. आलेला माणूस झाडावरून पडला तर काय, याचं नव्हतं.

इलेक्ट्रिकलची असल्यामुळे मला एक गोष्ट जास्तच टोचली. नेपाळ आणि आपल्यात विजेची लाइन आहे, ढल्केबर ते मुझफ्फरपूर, ४०० केव्ही. जानेवारी २०२४ मध्ये करार झाला की येत्या दहा वर्षांत नेपाळची १०,००० मेगावॅट वीज भारताने घ्यायची. आता ही वीज सीमेवरून येते तेव्हा काय होतं? मीटर लागतो. किती युनिट, कोणत्या वेळी, पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशोबाने सगळी नोंद. एक युनिट हरवत नाही. आणि बनबसाहून जो माणूस चालत आत येतो, पंधरा वर्षं राबतो, त्याची नोंद कुठे? भारतात एकूण किती नेपाळी काम करतात, याचे अंदाज इतके वेगवेगळे आहेत की त्यातला कुठला घ्यावा कळत नाही.

पुढे वाचलं ते आणखी विचित्र. बहादूरकाकाच्या गावातली जी मुलं कतारला किंवा मलेशियाला जातात, त्यांना नेपाळ सरकारचा श्रम परवाना काढावा लागतो. त्यासाठी विमा सक्तीचा, आणि कल्याण निधीत पैसे भरायचे. म्हणजे तिकडे काही बरंवाईट झालं तर घरच्यांना निदान काहीतरी मिळतं. भारतात यायला परवाना लागत नाही. म्हणून विमा नाही, निधी नाही. ‘भारत म्हणजे काय परदेश थोडाच’, असं तिकडे म्हणतात. आणि इकडे काउंटरवर तो शंभर टक्के परदेशी! दोन्हीकडून प्रेमाने दार उघडं ठेवलंय आणि दोन्हीकडे रजिस्टर नाही.

माझा एक चुलतदादा पुण्याच्या कंपनीतर्फे दोन वर्षं ब्रसेल्सला होता. भारत आणि बेल्जियममध्ये सामाजिक सुरक्षेचा करार आहे, २००९ पासून लागू. त्यामुळे दादाचा पी.एफ. इथे चालू राहिला आणि तिकडे दुसऱ्यांदा भरावं लागलं नाही. इथून एक सर्टिफिकेट नेलं, झालं. सॉफ्टवेअर इंजिनिअरसाठी साडेसहा हजार किलोमीटर लांबच्या देशाबरोबर बसून कागद करता येतो. राखणदारासाठी शेजारच्या देशाबरोबर नाही? गंमत म्हणजे आपल्या पी.एफ.च्या नियमात नेपाळी कामगाराला भारतीय कामगारासारखंच धरलंय, त्याच १९५० च्या करारामुळे. पण त्यासाठी त्याने वीसएक कामगारांच्या कारखान्यात असायला हवं. आंब्याच्या बागेला कुठला पी.एफ.?

आणि अजून एक. आपल्या राज्यात शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. उंचावरून पडून मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर दोन लाखांपर्यंत मदत. ती सातबारावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरच्या एकाला. म्हणजे त्याच झाडावरून बाबा पडले असते तर अर्ज करता आला असता. पण बाबा कधी चढतच नाहीत ना त्या झाडावर!

घरी आल्यावर एका रात्री ओटीवर विषय निघाला. शेजारचे तात्या आले होते. मी माझं सगळं ज्ञान तिथे पाजळलं. तात्या शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले,

‘बाय, तू शिकलेली आहेस. मला एक सांग. आमच्या वाडीतल्या यमुनेचं नाव रेशनकार्डावर चढायला दोन वर्षं लागली. ती इथलीच ना? आपल्याच माणसाला पुरत नाही, आणि उघडी सीमा म्हणजे उद्या किती येतील त्याला मोजमाप नाही. सगळ्यांना योजना लावायची तर पैसे कोण देणार? आणि तुला-मला तिकडे जाऊन जमीन घेता येते का? मग कसले सारखे हक्क?’

मला उत्तर सुचलं नाही. कारण तात्यांचं चूक नव्हतं. भारतीयांना नेपाळात जमीन घेता येत नाही हे खरं आहे. योजना चालते ती इथल्या लोकांच्या करावर, हेही खरं. तात्यांचा धाकटा मुलगा पूर्वी बागेच्या कामाला जायचा. गावातल्या गड्याची हजेरी पाचशे-सहाशे, जेवण वेगळं, आणि संध्याकाळी तो घरी जाणार. नेपाळी महिन्याच्या पगारावर रात्रंदिवस मांगरात राहतो. मग बागवाला कोणाला घेईल? शेवटी तात्यांचा मुलगा ठाण्याला गेला. व्हॅक्सहोमच्या युनियनवाल्यांचं दुसरं काय म्हणणं होतं? ब्रिटनमधली ती चिडचिड मला पी.पी.टी. करताना निव्वळ कोती वाटली होती. ओटीवर तात्यांच्या तोंडून ऐकल्यावर ती कोती नाही वाटली. भीती वाटली, की दोन गरीब माणसं एकाच पंगतीत बसवायची आणि पान एकच मांडायचं, असा हा प्रकार आहे. आणि ज्याला खरा फायदा होतो तो या भांडणात कुठेच नसतो.

कोण तो? अहो, आम्हीच की! स्वस्तात राखण मिळाली ती आमच्या बागेला. वाशीला पेटी गेली ती आमची.

हे सगळं मी असं तोंडावर बोलले नाही, तेवढं धैर्य नव्हतं. बोलली ती आजी. इतका वेळ ती आतल्या दाराशी सुपारी कातरत होती. म्हणाली, ‘वानरं हाकायला तो आपला, नि पडल्यावर परका. होय ना रे?’

कोणी काही बोललं नाही. तात्या उठून ‘येतो’ म्हणून गेले.

मला नंतर वाटत राहिलं की याला उपाय नाहीच का? पण बहादूरकाकानेच एक सांगितलं. त्याचे थोरले काका आपल्या पलटणीत होते. गोरखा. १९४७ साली भारत, ब्रिटन आणि नेपाळ असा तिघांचा करार झाला, तेव्हापासून नेपाळचे तरुण आपल्या सैन्यात आहेत. त्या काकांना अजून भारत सरकारचं पेन्शन घरबसल्या मिळतं. काठमांडू, पोखरा आणि धरान इथे त्यासाठी भारताची खास ऑफिसं आहेत. लाखाहून जास्त पेन्शनर! म्हणजे सीमा ओलांडून माणसाची काळजी घेणं आपल्याला जमत नाही असं मुळीच नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षं आपण ते करतोय. फक्त तिथे मालक सरकार आहे आणि प्रत्येकाचं नाव, नंबर, गाव पहिल्या दिवशीच लिहून घेतलंय. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, चार वर्षांनी बहुतेकांना पेन्शनशिवाय घरी जायचं, आणि नेपाळने त्याला होकार दिला नाही. तेव्हापासून तिथली भरती थांबली. बघा, पलटणीची मैत्रीसुद्धा शेवटी पेन्शनच्या प्रश्नावरच अडली.

दुसरं उदाहरण तर आमच्या खळ्यातच पुस्तक वाचत बसलेलं असतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या ‘बालका’ला मोफत शिक्षण म्हटलंय. तिथे रेशनकार्ड मागितलं नाही, म्हणून बहादूरकाकाची मुलगी शाळेत गेली. आणि त्याचा उपयोग कोणाला झाला? हॉस्पिटलच्या काउंटरवर मी, कॉन्व्हेंटवाली, मख्खपणे उभी होते तेव्हा तो मराठी फॉर्म तिने भरला. गावाने तिच्यावर खर्च केला तो गावाच्या उपयोगी पडला. तात्यांना हे मी सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, ‘पोरगी हुशार आहे, त्यात वाद नाही.’ तेवढंच. मत त्यांनी बदललं नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे. व्हायवाला एक्स्टर्नल हमखास विचारतो, ‘अर्थिंग कशाला करतात?’ वायरिंगमध्ये फेज आहे, न्यूट्रल आहे, बल्ब लागतोय, पंखा फिरतोय. अर्थिंग नसली तरी सगळं मस्त चालतं, वर्षानुवर्षं चालतं. आणि म्हणूनच कॉन्ट्रॅक्टर ती वायर वाचवतो. फॉल्ट आला की मगच कळतं, आणि तेव्हा करंट जातो तो हात लावणाऱ्याच्या अंगातून. दोन देशांनी बाजार जोडला, माणसं जोडली, लाइन चालू केली. अर्थिंगची वायर मात्र कोणी टाकली नाही. मार्च २०२० मध्ये फॉल्ट आला तेव्हा दोन्हीकडून सीमा बंद झाली आणि घरी निघालेली माणसं धारचुल्याला अडकली. काही जणांनी महाकाली नदीत उड्या टाकून पलीकडे पोहत जायचा प्रयत्न केला. बहादूरकाका तेव्हा आमच्या मांगरात होता, मोबाइलवर तो व्हिडिओ बघत. ‘मेरे उधर के लोग हैं’, एवढंच म्हणाला होता. मी तेव्हा शाळेत होते, मला कळलं नव्हतं.

अर्थिंग टाकायला खर्च येतो, पण तो मालकाने टाकायचा असतो, शेजाऱ्याने नाही. म्हणून मला वाटतं, तात्यांच्या प्रश्नाचंही उत्तर त्यातच असावं. योजनेचे पैसे यमुनेच्या ताटातून का घ्यायचे? प्रत्येक पेटीमागे बागवाल्याने थोडे टाकावेत, कामगाराने थोडे, दोन्ही सरकारांनी थोडे, आणि ग्रामपंचायतीत एक साधं रजिस्टर असावं: नाव, गाव, कोणाकडे कामाला. ते नेपाळीलाही लागू आणि तात्यांच्या मुलालाही. मग दोघांचा खर्च मालकाला सारखाच पडेल, आणि एक स्वस्त म्हणून दुसरा घरी बसणार नाही. मी वीस वर्षांची आहे, माझ्या म्हणण्याने करार होत नाहीत. पण सर, ‘आणि आपल्याकडे?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते आता देते आहे. मार्क वाढवायची गरज नाही.

शेवटचं सांगते आणि थांबते. हे बाबांना विचारूनच लिहितेय. ते म्हणाले, ‘लिही. खोटं तर नाही.’

बाबांची बागेची एक लाल वही आहे. गड्यांचा हिशोब त्यात असतो. दिवाळीला घरी गेले तेव्हा मी ती उघडली. पान वरती ‘बहादूर’. खाली मे महिन्यात एक ओळ: ‘उचल, ४०,०००’. म्हणजे बिलातले एक लाख बाबांनी सोसले आणि चाळीस हजार त्याच्या नावावर टाकले. आमच्याच झाडावरून पडल्याबद्दल. त्यावरून माझं आणि बाबांचं भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. यंदा औषधांचे भाव, बदललेलं हवामान, सगळं त्यांनी मला ऐकवलं, आणि त्यातलंही काही खोटं नव्हतं.

बहादूरकाका आता काठी घेऊन चालतो. झाडावर चढत नाही. फवारणीच्या पंपाकडे बघतो.

गेल्या रविवारी घरी फोन केला तेव्हा मागून कोणा माणसाचा आवाज येत होता. आजी म्हणाली, विम्याचा एजंट आलाय, बाबा चारही गड्यांची अपघाताची पॉलिसी काढतायत. निघेल की नाही माहीत नाही, कागद वर पाठवावे लागतील म्हणे. तेवढ्यात एजंटने विचारलेलं मला फोनवर ऐकू आलं, ‘पहिला कोण? पूर्ण नाव सांगा.’

आणि बाबांनी वही न बघता ते तीन शब्द सांगितले. पुढे गाव, मग ‘जिल्हा अछाम’.

(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)